दम कुणात किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एखादी गोष्ट टिकणार की नाही, हे विचारायला आमच्याकडे 'दम' हा एक शब्द पुरतो. तुळईच्या लाकडात दम आहे का? उसाच्या बेण्यात दम आहे का? दुकानातून आणलेल्या औषधात दम आहे का? शास्त्राच्या पुस्तकात या प्रत्येक दमाला वेगळे नाव आहे. लाकडाचा टिकाऊपणा, पिकाची रोगप्रतिकारक शक्ती, औषधाची परिणामकारकता, अशी ती नावे. बोलीने मात्र हे सगळे एका शब्दात बांधले आणि त्यात शहाणपण आहे असे मला वाटते. फक्त या यादीतले एक नाव आपण नेहमी विसरतो. वाळवी, बुरशी, अळी, जंतू, म्हणजे ज्यांच्याशी आपले भांडण आहे, त्यांच्यातही दम असतो. तो कुठून येतो आणि आपणच तो कसा वाढवतो, हे आज मला सांगायचे आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचा. नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि उरलेला वेळ घरच्या शेतीत. त्यामुळे जे बोलणार आहे, त्यातले निम्मे फळ्यावरचे आहे आणि निम्मे बांधावरचे.

सुरुवात निर्जीव वस्तूपासून करू. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांत सागाच्या तुळया अजून उभ्या आहेत. भिंतीची माती ढासळली, कौले फुटली, पण तुळई जागची हलली नाही. त्याच वाड्यात मागाहून बसवलेली हलक्या लाकडाची चौकट मात्र वाळवीने आतून पोखरलेली असते. वरून रंग शाबूत आणि बोट टेकवले की माती. असे का होते?

झाडाचे खोड आडवे कापले, तर बाहेरच्या बाजूला फिकट लाकूड दिसते आणि मध्ये गडद. बाहेरचे लाकूड झाडासाठी पाणी वाहून नेते. त्यात पिष्ट आणि साखर असते, म्हणजे किड्यांच्या दृष्टीने ते वाढलेले ताट. आतला गाभा हा मृत पेशींचा असतो. पण त्या पेशी मरण्यापूर्वी झाड त्यांच्यात तेले, राळ, रंगद्रव्ये अशी अनेक रसायने भरून ठेवते. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते वाळवीला सोसत नाही. जुने सुतार सागाचा पांढरा भाग तासून टाकत, ते उगीच नव्हे. आता लागवडीचा साग कोवळ्या वयात तोडला जातो. त्यात पांढरा भाग जास्त आणि गाभा कमी. मग लोक म्हणतात, 'पूर्वीच्या सागासारखा साग राहिला नाही.' साग तोच आहे. त्याला दम साठवायला लागणारी वर्षे आपण दिली नाहीत.

बांबूचेही तसेच. बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी. म्हणून तोडलेला बांबू ओढ्यात किंवा डबक्यात काही आठवडे मुरत ठेवायची रीत होती. पाण्यात पिष्ट निघून जाते आणि भुंग्याला खायलाच उरत नाही. इथे विष नाही, फवारा नाही. शत्रूचे जेवण काढून घेतले, एवढेच.

आता एक प्रश्न मनात येईल. साग हजारो वर्षे जंगलात आहे, वाळवीही आहे. मग वाळवीने सागाचा गाभा पचवायची युक्ती अजून का शोधली नाही? माझ्या समजुतीप्रमाणे याची दोन कारणे आहेत. एक, गाभ्यात एकच विष नाही, अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. एका कुलपाची किल्ली सापडेल, पण दहा कुलपांच्या दहा किल्ल्या एकदम सापडणे अवघड. दुसरे, जंगलात वाळवीला खायला दुसरे मऊ लाकूड आणि पालापाचोळा भरपूर असतो. सागावाचून तिचे अडत नाही. ही दोन कारणे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांची गरज लागणार आहे.

लाकडावरून धान्याकडे येऊ. मराठीत 'एखाद्या गोष्टीचे पेव फुटले' असे आपण सर्रास म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसे आता कमी. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. आत पेंढ्याचा आणि पाल्याचा थर द्यायचा, धान्य ओतायचे, तोंड मातीने लिंपून बंद करायचे. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचे हरिपूर हे हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे राहत असे, रंग न उतरता आणि कीड न लागता. २००५ सालच्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि त्या व्यवस्थेचे फार मोठे नुकसान झाले.

पेवात कीड का लागत नाही? धान्य असो की हळद, आत गेलेला माल, त्यावरची बुरशी आणि किडे हे सगळे श्वास घेतात. बंद जागेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. त्या हवेत किडे गुदमरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, काही तास तोंड उघडे ठेवायचे, दिवा खाली सोडून तो विझतो का ते पाहायचे, असा कडक नियम होता. जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते. नियम मोडणाऱ्यांनी जीव गमावल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात.

पेवाच्या जागी पुढे गोदामे आली आणि गोदामांबरोबर धुरीच्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तो स्वस्त आहे, पोत्यांत खोलवर शिरतो. जगातले बहुतेक धान्य आज याच वायूच्या भरवशावर साठवले जाते. इथे लगेच सांगून ठेवतो, की या गोळ्या घरातल्या कणगीत किंवा डब्यात टाकण्यासाठी नाहीत. तो वायू माणसाला जीवघेणा आहे. प्रशिक्षित माणसानेच त्या वापरायच्या असतात.

१९७२-७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगभरच्या धान्यकिडींची पाहणी केली. तेव्हाच तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत फॉस्फीन पचवणारे किडे आढळले होते. त्यानंतर भारतासह अनेक देशांत तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा यांच्यात हा प्रतिकार वाढत गेलेला दिसला. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यामागचे एक महत्त्वाचे जनुक ओळखले. किड्याच्या शरीरात ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतला एक लहानसा बदल, आणि वायू निष्प्रभ.

हे कसे घडते, ते नीट समजून घेऊ. 'किडे औषधाला सरावले' असे आपण म्हणतो. माणूस तिखटाला सरावतो तसे ते नव्हे. समजा गोदामात दहा लाख किडे आहेत. त्यांतल्या दोन-चार किड्यांत जन्मतःच काही वेगळेपण आहे, त्यामुळे ते वायू थोडा जास्त सोसतात. गोदाम पक्के बंद असेल, वायूची मात्रा पुरेशी असेल आणि पुरेसे दिवस असेल, तर तेही मरतात. पण दाराच्या फटी उघड्या आहेत, ताडपत्री फाटकी आहे, दोन दिवसांतच माल हलवला, तर काय होईल? साधे किडे मरतील आणि ते दोन-चार उरतील. आता सगळे धान्य त्यांचेच. त्यांची पिल्ले त्यांच्यासारखीच. पुढच्या खेपेला पुन्हा अर्धवट धुरी दिली, की चाळणी पुन्हा फिरली. काही वर्षांत सगळे गोदाम त्या दोन-चारांच्या वंशाने भरते. कोणताही किडा काही शिकला नाही. आपणच निवड करत गेलो. एरवी शेतकरी चांगले कणीस बियाण्याला राखतो. इथे आपण चिवट किडा बियाण्याला राखला.

म्हणजे अर्धवट मारा हा न मारण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. पेवाचे तोंड लिंपणाऱ्या माणसाला जनुक ठाऊक नव्हते, पण फट ठेवायची नाही हे पक्के ठाऊक होते.

आता उभ्या पिकाकडे वळू. आमच्या भागाचा संसार बराचसा उसावर चालतो. आज शेतात दिसणारा ऊस हा मुळात एका लग्नाची संतती आहे. जुना जाड, रसाळ ऊस गोड होता, पण नाजूक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर 'सेरेह' नावाच्या रोगाने तो ऊस आडवा केला. तेव्हा तिथल्या संशोधकांनी गोड उसाचा संकर उसाच्या रानटी जातीशी घडवून आणला. नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारे, संस्कृतात ज्याला 'काश' म्हणतात, ते हे रानगवत. भारतात हेच काम कोईमतूरला १९१२ साली सुरू झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी केलेल्या संकरातून 'को २०५' हा वाण १९१८ साली बाहेर पडला. तुम्ही उसाच्या वाणापुढे जे 'को' ऐकता, ते कोईमतूरचे 'को'. पुढे आपल्या दख्खनवर अनेक वर्षे राज्य केलेल्या 'को ४१९' च्या आईबापांपैकी एक जावाचा, दुसरा कोईमतूरचा. आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथे आणि कोईमतूरला वर्षानुवर्षे नवे वाण तपासले जातात.

गोड उसाला दम दिला तो ज्याला आपण तण म्हणून उपटतो त्या रानगवताने, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण हा दम कायमचा नसतो. उसाचा सर्वांत भयंकर रोग म्हणजे लाल कूज. ऊस उभा चिरला, तर आत लालसर रंग, मधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास. 'कोसी ६७१', ज्याला आपल्याकडे 'वसंत १' म्हणतात, हा साखरेला अतिशय चांगला वाण. तामिळनाडूत तो लाल कुजीला बळी पडला. अलीकडचे उदाहरण उत्तर प्रदेशातले आहे. २००९ साली आलेल्या 'को ०२३८' या वाणाने तिथल्या शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना अक्षरशः श्रीमंत केले. उतारा चांगला, टनेज चांगले. मग जो तो तोच वाण लावू लागला. एक वेळ अशी आली, की राज्यातल्या उसाच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तो एकटा उभा होता. आणि मग लाल कुजीची बुरशी बदलली. वाण तोच राहिला, बुरशीचा नवा प्रकार आला आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या एकाच वाणावर तिने मुक्काम ठोकला. २०१७ नंतरच्या काही वर्षांत शेतकऱ्यांना ऊस मुळासकट उपटून टाकावा लागला.

आपल्याकडे कोरडी हवा असल्याने लाल कुजीचा त्रास तुलनेने कमी. पण म्हणून हा धडा परक्याचा नाही. आपल्याकडेही 'को ८६०३२', म्हणजे 'नीरा', या एका वाणाखाली फार मोठे क्षेत्र गेले आहे. वाण चांगला आहे, यात शंका नाही. पण चांगला वाण सगळ्यांनी लावला की तो रोगासाठी राजरस्ता होतो, हेही तितकेच खरे.

उसापेक्षा माझ्या मनाला जास्त लागते ते आल्याचे. रहिमतपूरच्या, कोरेगावच्या शिवारात आल्याने अनेकांची घरे उभी केली, आणि काहींची बसवलीही. आल्याचे पीक म्हणजे जुगार, असे लोक म्हणतात ते भावामुळे. पण भावाच्या आधी एक जुगार जमिनीखाली चालू असतो. एप्रिल-मे महिन्यात लावण होते. पाऊस लांबला, वाफ्यात पाणी साचले, की पाने पिवळी पडू लागतात. खोड ओढले तर सहज हातात येते, खाली गड्डा मऊ पडलेला आणि कुबट वास. आज एक जागा, आठवड्यात चार जागा, महिन्यात निम्मे रान. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नाच्या हिशेबाने लावलेले एकर आले दसऱ्याच्या आत काढून बांधावर टाकले. लग्न पुढच्या वर्षावर गेले. त्यांना विचारले, 'काय काय फवारलं?' त्यांनी सांगितलेल्या औषधांची यादी माझ्या वहीच्या पानात मावली नाही.

आल्याची गोची उसाहून वेगळी आहे. आले बी धरत नाही. फुले क्वचित येतात, पण ती वांझ असतात. म्हणून हजारो वर्षे माणूस गड्ड्याचा तुकडा तोडून लावत आला आहे. आपल्याकडे 'माहीम' नावाची जात चालते. त्या जातीचे एक रोप आणि दुसरे रोप यांत आईमुलीचे नाते नाही, बहिणीबहिणींचेही नाही. ते एकच झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी शिवारभर पसरलेले. एकाला जे मारते ते सगळ्यांना मारते. उसात जसा संकर करून दम आणता आला, तसा इथे आणता येत नाही. आल्याचा एक रानटी भाऊबंद पश्चिम घाटात सापडतो आणि गड्डे कुजीच्या बुरशीला तो दाद देत नाही, हे केरळातल्या संशोधकांनी दाखवले आहे. पण वांझ आल्याशी त्याचे लग्न लावायचे कसे? कोझिकोडेच्या मसाला पीक संशोधन संस्थेने गड्ड्यांची निवड करून 'वरदा', 'महिमा' यांसारखे वाण दिले. तरी कुजीला पूर्ण दाद न देणारे आले अजून शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही.

असेच एक पीक आयर्लंडमध्ये होते. बटाटा. तोही तुकड्याने लावायचा आणि गरिबांच्या शेतात बहुतांश एकाच जातीचा. १८४५ साली करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. आले हे आपले पोट भरणारे पीक नाही, पण कर्ज फेडणारे पीक आहे. कर्ज फेडणारे पीक एका रात्रीत कुजले की घरात काय होते, हे या महाराष्ट्रात मी वेगळे सांगायला नको.

मग उपाय काय? इथे विदर्भ-मराठवाड्याच्या कापसाकडे पाहावे लागते, कारण हा धडा त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. झाडाच्या पेशीतच बोंडअळीला मारणारे प्रथिन. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. या बियाण्याबरोबर साध्या, बीटी नसलेल्या कापसाची एक लहान पुडी येत असे आणि ती शेताच्या कडेने लावायची, असा नियम होता. शेतकऱ्याला वाटे, हा काय खुळेपणा? अळीला मुद्दाम खायला घालायचे? पुडी बांधावर फेकली जाई.

सागाच्या जंगलातले दुसरे कारण आता आठवा. वाळवीला दुसरे खायला होते. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या वाढल्या असत्या. बीटी पचवणारी एखादी अळी पतंग होऊन उडाली असती, तेव्हा तिला जोडीदार या साध्यांतला मिळाला असता आणि तिचा चिवटपणा पुढच्या पिढीत विरळ होत गेला असता. कडच नसेल, तर चिवटाला चिवटच भेटणार. २०१० साली गुजरातेत शेंदरी बोंडअळीने पहिले प्रथिन पचवल्याचे जाहीर झाले. तोवर दोन प्रथिनांचे बियाणे बाजारात आले होते. तेही टिकले नाही. २०१७ साली महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीने हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीचा दम वाढला की फवारा वाढतो, आणि वाढलेला फवारा शेवटी खांद्यावर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर येतो.

आता याच्या उलट घडलेली एक गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या शेजारची आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. लोकरी मावा. बघता बघता तो सातारा, कोल्हापूर, पुणे आणि कर्नाटकात पसरला. पानावर चिकट गोड थेंब, त्यावर काळी बुरशी, ऊस काजळला. लोक धास्तावले. औषधे मारायला सुरुवात झाली, पण दहा फूट उंच, गच्च उसात फवारा पोचणार कुठे? तेवढ्यात शेतकऱ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की काही फडांत माव्याच्या वसाहतीत एक अळी फिरते आहे आणि ती मावा खाते आहे. तिचे नाव डिफा. जोडीला मायक्रोमस नावाचा आणखी एक किडा. मग कारखाने, विद्यापीठे आणि शेतकरी यांनी या मित्रकिडी असलेली पाने कापून दुसऱ्या फडांत नेऊन टांगली. ईशान्य भारतातून एनकार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशीही आणली गेली. जिथे फवारणी थांबवली, तिथे मित्रकिडी वाढल्या. काही हंगामांत मावा आटोक्यात आला. विष पचवणारा मावा निपजू शकतो. पण जो शत्रू स्वतः जिवंत आहे, आपल्यामागे धावतो, आपल्याबरोबर बदलतो, त्याला पुरते चुकवणे माव्याला सोपे नाही.

हा हिशेब माणसाच्या शरीरालाही लागू आहे, म्हणून दोन शब्द त्याविषयी. पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच इशारा दिला होता, की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे होतील. धुरीच्या फटीची गोष्ट ती हीच. क्षयाचा रोगी दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडतो, तेव्हा शरीरात उरतात ते चिवट जंतू. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा सगळे हादरले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसीन. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आपल्याकडे जी पुडी वर्षानुवर्षे फवारली गेली, तिच्यात तेच औषध होते. शेत आणि दवाखाना यांच्यामध्ये आपण भिंत समजतो. जंतूंना ती भिंत दिसत नाही.

तर श्रोतेहो, लाकूड, पेव, ऊस, आले, कापूस, क्षय, एवढी फेरी मारल्यावर हाती काय लागले? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मारायचे असेल तर पुरते मारा. मात्रा, मुदत, बंदिस्तपणा, यांत फट नको. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले तर सहा महिने. आणि जिथे पुरते मारणे शक्य नाही, तिथे उगीच थोडेथोडे मारू नका.

दुसरी, एकाच गोष्टीवर सगळे ओझे टाकू नका. तेच औषध प्रत्येक फवारणीला नको, तोच वाण प्रत्येक शेतात नको, तेच पीक त्याच रानात पुन्हा नको. आल्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. हळद, बटाटा, टोमॅटो, मिरची, वांगी यांच्यामागून आले नको, कारण कुजीचे आणि मरीचे जंतू त्या पिकांत वस्तीला असतात. मधे दोन-तीन वर्षे ज्वारी, गहू, मका अशी पिके घ्या. जंतूला उपाशी ठेवणे म्हणजे बांबूतले पिष्ट काढून घेणेच.

तिसरी, आपल्या बाजूचे जे जिवंत आहे ते जपा. मित्रकिडी, मातीतली ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी, बांधावरचे रानगवत, घाटातला आल्याचा रानटी भाऊबंद. आज ते निरुपयोगी दिसतात. पण उसाला उभे केले ते अशाच एका निरुपयोगी गवताने.

आल्याच्या शेतकऱ्यांना जाता जाता एक साधी तपासणी सांगतो. बेणे दुसऱ्याकडून आणणार असाल, तर पीक उभे असतानाच तो प्लॉट पाहून या. पिवळे पडलेले एखादे खोड बुंध्याजवळ कापा आणि कापलेले टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखी धार पाण्यात उतरली, तर तो जिवाणूंचा मर रोग समजा आणि त्या प्लॉटचे बेणे, कितीही स्वस्त मिळाले तरी, घरी आणू नका. धार आली नाही, तरी गड्डा हातात घेऊन दाबून पाहा, वास घ्या. पाणी निचरणारी जमीन, उंच गादीवाफा आणि निरोगी बेणे, या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे औषधाची पाळी कमी येते. आणि औषध जितके कमी वापराल, तितके ते जास्त वर्षे उपयोगी पडेल, तुमच्याही आणि तुमच्या मुलांच्याही.